पाण्याच्या ड्रममध्ये लाल सीवीड

हाय ग्रुप! बदलापूरच्या सायबर कॅफेतून लिहितेय. आजचं तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

गेल्या आठवड्यात मामाने अलिबागहून समुद्राच्या पाण्यासकट लाल सीवीड आणून दिलं. मी बरणी कुठे ठेवली, तर तुळशीशेजारी, फुल उन्हात! झाड म्हटलं की ऊन, एवढंच माझ्या डोक्यात. आज सकाळी बघते तर त्याचा रंग उडून ते फिकट पिवळं पडलेलं.

मग पुस्तक काढून वाचलं. खोल पाण्यात फक्त मंद, निळसर-हिरवा उजेड पोचतो. तो पकडायला हे सीवीड लाल रंग जास्त बनवतं. कडक ऊन मिळालं की तो रंग कमी होतो.

गॅलरीतला पाण्याचा निळा ड्रम रिकामा होता. बरणी आत ठेवली आणि वाकून बघितलं. प्लास्टिकमधून ऊन गाळून येत होतं. आत सगळं निळं, एकदम शांत. मी बघतच राहिले.

"अगं, पाणी यायची वेळ झाली! काढ ते शेवाळ," आई ओरडली.

"आई, प्लीज. मरेल ते."

"आणि उद्या आंघोळ काय समुद्रात करायची?"

बरणी काढायला ती स्वतःच वाकली, आणि तशीच राहिली. मग हळूच म्हणाली, "कुकर आण. मोठे डबे पण आण. आज त्यात भरू पाणी."

तुमच्यापैकी कोणाच्या सीवीडचा लाल रंग परत आलाय का? किती दिवस लागले? निघताना आईने दोनदा बजावलंय, "विचार हं तुझ्या लोकांना."