उत्तर न देणाऱ्यांचं काय?

माझी आत्या गोव्यात शिरगावला एकटी राहते आणि दिवसाआड डायलिसिससाठी डिचोलीला जाते. तिच्यासारख्या पेशंटांना घरून नेणारी एक व्हॅन तिथलं एक मंडळ चालवतं. त्या व्हॅनचं छोटं वेब ॲप मी आणि माझी एक सहकारी फावल्या वेळात सांभाळतो. आम्ही दोघं तुयेतल्या एका कंपनीत हेच काम करतो. ती मूळची बेळगावची, बोलणं एकदम रोखठोक.

ॲप साधं. आदल्या संध्याकाळी पेशंटने फोनवर 'येणार' किंवा 'येणार नाही' हे बटण दाबायचं, सकाळी ड्रायव्हरला ते पडद्यावर दिसायचं. पण आमच्या भागात तोंडावर 'नाही' म्हणायची रीत नाही. 'बघूया' म्हणायचं आणि समोरच्याने काय ते समजून घ्यायचं. 'बघूया'चं बटणच नव्हतं, म्हणून बरेच लोक काहीच दाबत नसत. आत्या तर त्यांची पुढारी. "आदीच तोंडातून 'नाय' कशाक काडू? बरां आसलां तर येतलंय," म्हणायची.

जुन्या ड्रायव्हरचं यामुळे काही अडलं नाही. तो इथलाच, पडद्याकडे न बघता प्रत्येकाच्या दारात हॉर्न वाजवायचा. पण तो काम सोडणार होता आणि कोल्हापूरकडचा नवा माणूस येणार होता. त्याला पडद्यावर दिसेल तेवढंच कळणार.

नेमका तेव्हाच सहकारिणीने हट्ट धरला. ॲपचं सगळं स्टेट, म्हणजे ॲप त्या घडीला जे जे लक्षात ठेवतं ते, टाइपस्क्रिप्ट या जास्त काटेकोर भाषेत आणायचं. कुठल्या खान्यात काय काय असू शकतं ते आधीच जाहीर करायचं, म्हणजे भलतंसलतं काही आत शिरलं की कोड पुढे सरकणारच नाही. मला हे विकतचं दुखणं वाटलं. चाललंय ना बरं, मग कशाला उकरायचं? मी तिच्याशी धड बोलेनासा झालो.

खान्यांचे हे प्रकार, म्हणजे टाइप, लिहिताना ती 'येणार' या खान्यापाशी थांबली. "ह्यात हो आणि नाही, दोनच आहेत की रे. ज्यानं काहीच सांगितलं नाही त्याचं काय?"

मी बघितलं. तो खाना सुरुवातीपासूनच 'नाही'वर ठेवलेला होता. गप्प बसलेला प्रत्येक माणूस ॲपच्या लेखी येणार नव्हता. तिने तिसरा प्रकार जाहीर केला, 'उत्तर आलं नाही', आणि कोडमध्ये जिथे जिथे दोनच शक्यता धरल्या होत्या तिथे तिथे लाल रेघा उमटल्या. या तिसऱ्याचं काय करणार ते सांगा, नाहीतर पुढे जाऊ देत नाही, असं त्या रेघा बजावत होत्या. शेवटची रेघ ड्रायव्हरच्या पडद्याची होती. तिथे काय दाखवायचं यावर आमची बरीच हुज्जत झाली, आणि शेवटी आम्ही 'घरी जाऊन विचारा' असं लिहिलं.

नवा ड्रायव्हर रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांनी, एका सकाळी आत्याच्या नावापुढे तेच आलं. त्याने व्हॅन डांबरी रस्त्यावर उभी केली, पायवाटेने खाली उतरला, हाका मारल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आत्या स्वयंपाकघरात पडलेली, धाप लागलेली, तोंडातून शब्द फुटत नव्हता. त्याने तिला उचललं आणि थेट इस्पितळात नेलं. आणखी उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

इस्पितळाच्या बाकावरून मी सहकारिणीला फोन केला. "आत्या वाचली. तुझ्यामुळे," एवढंच बोलता आलं, पुढे रडूच आलं. ती म्हणाली, "बरं झालं की रे." तिचे आणि त्या ड्रायव्हरचे उपकार माझ्याकडून फिटायचे नाहीत.

आत्या घरी परतल्यावर मी तिच्या हातात फोन दिला. म्हटलं, "आते, आता तरी तां बटन दाब गे."

"दाबूचंय नाय," ती म्हणाली. "दाबलंय तर माका बघूक घरात कोण येतलो?"