स्वल्प गुणगुण आहे

कुठल्याही यंत्रापाशी उभे राहिले की ते मान उजवीकडे कलती करायचे, तर्जनी वर धरायचे आणि म्हणायचे, "स्वल्प गुणगुण आहे." स्वल्प म्हणजे थोडी. बंगळूरच्या आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांतून असे कानडी शब्द इतके मुरलेले होते की ते परके वाटतच नसत. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऑफिसातल्या पंख्याबद्दल ऐकलं, देवळातल्या भोंग्याबद्दल ऐकलं आणि एकदा मोठे साहेब भाषण करत असताना खुद्द साहेबांबद्दलही ऐकलं.

आम्ही दोघं एका सरकारी कारखान्यात होतो. तिथे रेडिओचे सेट तयार होत. ते तपासणी विभागात, मी आस्थापना शाखेत कारकून. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. बसवनगुडीच्या थांब्यावर कारखान्याची बस पकडणारे मराठी असे आम्ही दोघंच, म्हणून ओळख झाली. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. खिशाला पेनाच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर, सदा दुसऱ्याचं ऐकायला तयार, आणि स्वतःबद्दल विचारलं की खिडकीबाहेर बघणार.

घरी ते आणि त्यांची थोरली बहीण, एवढेच. आईवडील लवकर गेले. शाळेत शिकवून अक्कांनी त्यांना वाढवलं आणि मग ते मिळवते झाले त्याच सुमारास संधिवातानं अक्कांना गाठलं. मी त्यांना पाहिलं तेव्हा बोटं वाकडी झाली होती, गुडघे आखडले होते, आणि पाच वर्षांत त्या खोलीबाहेर पडल्या नव्हत्या. उशाशी खिडकी होती, पण तिच्यातून शेजारच्या घराची भिंतच दिसे.

त्याच खोलीत भिंतीशी एक टेबल होतं आणि टेबलावर भावानं घरीच करायला घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर. जस्ती पत्रा कापून केलेली बैठक, तिच्यावर काचेचे व्हॉल्व्ह. सामान चिकपेटेत लष्कराचा जुना माल विकणाऱ्यांकडून एकेक करून आणलेलं. आवाज स्पीकरपर्यंत नेणारा ट्रान्सफॉर्मर विकतचा त्यांना पसंत पडेना, म्हणून तोही घरीच गुंडाळायला घेतला. हातानं फिरवायचं चाक, त्यावर केसासारखी बारीक तार, आणि वेढे मोजायला अक्का.

एके रविवारी मी गेलो तेव्हा दार उघडंच होतं. "आहात का?" म्हणून विचारलं. आतून अक्कांचा आवाज आला, "अकराशे त्रेचाळीस." मी बाकावर बसलो. बराच वेळ आकडेच ऐकू येत होते. थर पुरा झाल्यावर अक्का म्हणाल्या, "हं, आता बोला. मघाशी बोलला असतात तर सगळं उलगडावं लागलं असतं. मागच्या वेळी दूधवाल्यानं तेच केलं."

"आणि त्यालाच ओरडली," ते म्हणाले. "चुकली होती ही."

"मी चुकत नाही, तम्मा. तू चाक भराभर फिरवतोस." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. त्या त्यांना याच नावानं हाक मारत.

यंत्र बोलू लागलं, पण मागे गुणगुण राहिली. ती घालवण्यात साडेतीन वर्षं गेली. ट्रान्सफॉर्मर आडवा कर, उभा कर, तारांना पीळ घाल, जमिनीला जोडणारी सगळी टोकं एकाच जागी आण. दर फेरफारानंतर ते अक्कांकडे बघत. अक्का डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "आहे." कधी मला विचारत. मला काहीच ऐकू यायचं नाही, आणि मी खोटं "आहे" म्हटलं की दोघांनाही कळायचं.

याच काळात कारखान्यानं वर्षभराच्या शिक्षणासाठी परदेशी पाठवायच्या लोकांची यादी केली. तपासणी विभागातून एकच नाव होतं, त्यांचं. कागद माझ्याच टेबलावरून गेला. दोन दिवसांनी ते आले आणि नकाराचं पत्र ठेवलं. कारण घरगुती.

"अक्कांना विचारलंत?" मी म्हटलं.

"नाही. आणि तुम्हीही बोलू नका. यादीत नाव आलं नाही असं तिला सांगितलंय." मग पत्राचा कोपरा सरळ करत म्हणाले, "तिला उचलून बसवायचं असतं हो. शेजारणी येतात, पण किती दिवस?"

त्यांच्या जागी दुसरा गेला. परत आल्यावर तो त्यांचा वरिष्ठ झाला. त्यांनी मात्र त्याच टेबलाशी, त्याच स्टुलावर बसून सेट तपासणं चालू ठेवलं.

यंत्र मनासारखं झालं तेव्हा नकाराला तीन वर्षं होत आली होती. रामनवमीचे दिवस होते. त्यांच्या गल्लीच्या टोकाला मांडव पडून संध्याकाळी गाणं होई. मांडवातल्या कर्ण्यांचा आवाज घरापर्यंत येई, पण फाटका. त्यांनी मंडळाच्या लोकांना गाठलं, गवयापुढे आपला एक वेगळा माइक ठेवायची परवानगी मिळवली आणि दोन घरांच्या कुंपणांवरून वायर खोलीत आणली. त्या संध्याकाळी त्यांनी मला आणि माझ्या बायकोला मुद्दाम बोलावलं.

बटण फिरवलं आणि आधी काहीच ऐकू आलं नाही. इतकं काहीच नाही, की मला वाटलं वायर तुटली. मग तंबोरा आला. मग व्हायोलिनवाल्याचा गज तारेवर पालटल्याचं कळलं. अक्कांनी डोळे मिटले. मांडवात गवयासमोर बसलेल्या दोन बायका कानडीत एका साडीबद्दल बोलत होत्या, तेही आलं. अक्का हसल्या. "मागच्या गल्लीतल्या पोस्टमास्तरांची बायको. अजून गाण्याच्या मध्येच बोलते." आठ-नऊ वर्षांनी त्या चार माणसांत बसल्या होत्या.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "एवढं करणाऱ्या माणसाला तुमच्या कारखान्यानं परदेशी कसं पाठवलं नाही हो?"

मी भारावून गेलो होतो. तेवढीच सबब आहे माझ्याकडे. मी म्हणालो, "पाठवत होतेच की. यांनीच नको म्हणून..."

ते यंत्रामागे गुडघ्यांवर बसले होते, तसेच बसून राहिले. गाणं चालू होतं.

"बंद कर, तम्मा," अक्का म्हणाल्या.

त्यांनी बंद केलं. लांबून कर्ण्यांचा फाटका आवाज पुन्हा येऊ लागला.

"कधीची गोष्ट?"

"तीन वर्षं झाली."

"मला विचारायचंस तरी."

"तू जा म्हणाली असतीस. म्हणून नाही विचारलं."

"म्हणाले असते. इथे पडल्या पडल्या माझ्या हातात दुसरं काय होतं? तुला जा म्हणणं तेवढं होतं, तेही तू घेतलंस."

आम्ही नवराबायको चपला घालून निघालो. पुढे महिनाभर मी त्यांच्या घरी जायचं टाळलं. बसमध्ये ते शेजारी बसत, पण त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. तो दिला असता तर बरं झालं असतं.

वर्षभरानं अक्कांनीच मला बोलावणं धाडलं. यादी पुन्हा निघणार असल्याचं त्यांनी कुणाकडून तरी काढलं होतं. धारवाडची चुलत बहीण वर्षभर येऊन राहायला तयार होती. सगळी पत्रं उशाखाली होती. "अर्ज आणा," त्या म्हणाल्या. "मी बघते तो कसा सही करत नाही ते."

त्यांनी सही केली. पण यादी पस्तिशीच्या आतल्यांची होती आणि त्यांना अडतिसावं लागलं होतं. नकार मीच टाइप केला आणि मीच नेऊन दिला. त्यांनी वाचला, "सरी," म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाले आणि समोरच्या सेटचं झाकण उघडलं. या खेपेला घरी खरं सांगितलं. अक्कांनी आपला वाकडा हात त्यांच्या हातावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही, असं मला नंतर शेजारणीनं सांगितलं.

त्यानंतर दोन वर्षांनी अक्का गेल्या. मला वाटलं, आता तरी हा माणूस चार ठिकाणी जाईल. माझी हुबळीला बदली ठरली होती. जाण्यापूर्वी आम्ही म्हैसूरला दोन दिवस जाणार होतो, त्यांनाही चला म्हटलं. आश्चर्य म्हणजे ते हो म्हणाले. इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवी घेऊन स्टँडवर वेळेआधी हजर होते. बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसले. कंडक्टरनं दार लावायला घेतलं तसे ते ताडकन उठले.

"काय झालं?"

"पाचला तिची कूस बदलायची असते," ते म्हणाले. मग त्यांनाच ते ऐकू आलं. त्यांनी माझ्याकडे, माझ्या बायकोकडे पाहिलं. वाटलं, आता खाली बसतील. पण ते पिशवी घेऊन उतरले.

बस मागे घेऊन वळेपर्यंत मी खिडकीतून बघत होतो. ते उतरले तिथेच उभे होते. घरी जायची आता घाई नव्हती, आणि दुसरीकडे कुठे जायची सवय नव्हती.