हलक्या टायरची जोडी

टायर निवडताना आमच्या मास्तरांनी तो दोन्ही हातांनी दाबून पाहिला, उलटा करून आतून बोटं फिरवली, कानाशी धरून टिचकी मारली आणि शेवटी त्याचा वाससुद्धा घेतला. मला बघायला आले होते तेव्हा एकदा मान वर करून पाहिलं होतं, तेवढंच. हे मी त्यांना जन्मभर ऐकवलं.

मास्तर म्हणजे माझा नवरा. सगळं गाव मास्तर म्हणायचं, मीही तेच म्हणू लागले. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती. चामोर्शीपासून सहा मैलांवर जंगलात एक गाव, तिथे आम्हाला राहायला मातीची दोन खणांची जागा मिळाली होती. शाळा त्याच्याही पुढे तीन मैल. मास्तर रोज सकाळी सायकलवर जात आणि दिवस कलला की परत येत. गावात बहुतेक घरं गोंडांची. त्यांची बोली मला येत नव्हती. मी चांदा शहरातली मुलगी, चार बहिणींत वाढलेली, दिवसभर तोंड चालू ठेवायची सवय. इथे आल्यावर बोलायला होती ती एक चूल आणि एक मांजर, आणि मांजरही भाव द्यायची नाही.

आठवड्यातून एक दिवस माझा होता. चामोर्शीच्या बाजाराचा. त्या दिवशी शाळेला सुटी असे. मास्तर कॅरिअरवर गोधडीची घडी बांधत, मी पदर खोचून मागे बसे, आणि आम्ही डबल सीट बाजाराला जात असू. रस्ता मुरमाचा, मधे दोन नाले, नाल्यात रेती. तिथे उतरून ढकलायचं. दगड आला की मास्तर ‘सांभाळ’ म्हणत, पण ते म्हणेपर्यंत दगड मागच्या चाकाखालून जाऊन माझ्या कमरेला कळलेला असे. तरी तो दिवस उजाडावा म्हणून मी बाकीचे सहा दिवस काढत असे.

मास्तरांना एकच शौक होता. सव्वीस जानेवारीला झेंडा झाला की दुपारी चामोर्शीत सायकलची शर्यत असायची. शर्यत म्हणजे आपल्या रोजच्या सायकलीच. मास्तर, पोस्टमन, फॉरेस्टचा गार्ड, पोलीस, असे आठ-दहा जण गडचिरोलीच्या रस्त्यानं पाच मैल जाऊन परत येत. लागोपाठ दोन वर्षं तिथल्या एका पोलीस शिपायानं मास्तरांना हरवलं होतं. शिपाई स्वभावानं चांगला, पण बाजारात भेटला की सायकलची घंटी वाजवून हसायचा. ती घंटी मास्तरांच्या जेवणात यायची.

त्या दिवाळीपर्यंत आमच्या सायकलचे टायर पार झिजले. दोरे दिसायला लागले. आतून जुन्या टायरचे तुकडे लावलेले, त्याला गेटिस म्हणतात. एका टायरात अशी तीन गेटिसं. नवीन जोडी घेणं भाग होतं, आणि ऐपत एकाच जोडीची. तीच रोज शाळेला चालायला हवी, तीच शर्यतीला. मास्तरांनी महिनाभर सगळ्यांना विचारलं. पोस्टमन म्हणाला जाड घ्या, बोरीचा काटा आत शिरत नाही. गार्ड म्हणाला हलका घ्या, चाक आपल्यापुढे पळतं. सायकल दुकानदाराला विचारलं, तो म्हणाला दोन्ही चांगले. विचारलं नाही ते फक्त मागे बसणारीला.

दिवाळीत आम्ही माझ्या माहेरी चांद्याला गेलो. मास्तर तीन दिवस त्याच एका दुकानात जाऊन आले आणि तिसऱ्या दिवशी जोडी खांद्याला अडकवून घरी आले. वर सांगितला तो वास घेण्याचा कार्यक्रम वडिलांसमोर ओसरीवर पुन्हा एकदा झाला. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. टायर हलका, गुळगुळीत, कड पातळ.

“हवा टाईट भरली का उडते बरं सायकल,” मास्तर म्हणाले. “काटे पाहून चालवा लागन, तेवढंच. अन् दुकानदार म्हणे, डबल सीट नोको. कड फाटन.”

वडिलांनी मान डोलावली. मी भाजी ढवळायला आत गेले, आणि ती भाजी त्या दिवशी कुणाला गोड लागली नसणार.

गावी परतल्यावर मी विचारलं, “मी बाजाराला कशी येऊ?”

“सव्वीस जानेवारीवरी दम धर ना. तुले काय काय पायजे ते चिठ्ठीवर लिहून दे, मी आणतो.”

त्यांना वाटलं मला हळद, मीठ आणि बांगड्या हव्यात. मला बाजार नको होता, बाजाराला जाणं हवं होतं. पण हे सांगायला मला त्या वेळी शब्द सापडले नाहीत आणि सापडले असते तरी मी रागातच बोलले असते. मी चिठ्ठी लिहिली. पहिल्या आठवड्यात त्यांनी सगळं बरोबर आणलं, याचाही मला राग आला.

बाजाराच्या दिवशी गावातल्या बायका पहाटे निघत. एकीमागे एक, डोक्यावर आवळ्यांची, हिरड्यांची टोपली नाहीतर झाडूंचा भारा. आमच्या दारावरूनच वाट. एरवी मी तोपर्यंत सायकलवर बसायच्या तयारीत असे, त्यामुळे त्यांच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी मी उंबऱ्यात बसून राहिले होते. सगळ्यांत पुढे चालणारी एक वयानं मोठी बाई माझ्याकडे बघत गेली. दुसऱ्या आठवड्यात मास्तर एकटे गेले आणि मी पुन्हा उंबऱ्यात. बाई थांबली. तिला मराठी यायची.

“मास्तर नाई नेत का तुले?”

“नाई.”

“पाय हाये ना तुले?”

एवढं विचारून ती उभी राहिली. मागच्या सगळ्या ओळीनं टोपल्यांसकट थांबून माझ्या पायांकडे पाहिलं. मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर मास्तरांचं नाक ठेचायची संधीही दिसली. मास्तरांची बायको बाजाराला पायी आली हे सगळ्या चामोर्शीला दिसू दे. मी दाराला कडी घातली आणि ओळीत शिरले.

दुसऱ्या मैलातच टाचेला फोड आला. नाल्यावर सगळ्या बसल्या. एकीनं कसलासा पाला चुरगाळून फोडावर लावला, दुसरीनं ओंजळ पुढे केली आणि म्हणाली, “येर.” पाणी. तो मला आलेला पहिला गोंडी शब्द. मी तो परत म्हटला तर सगळ्या एवढ्या हसल्या की मीही हसले. दीड वर्षांत त्या गावात मी पहिल्यांदा मोठ्यानं हसले असेन.

बाजारात मास्तर बटाटे निवडत होते. मला पाहून हातातला बटाटा तसाच राहिला.

“तू इथी कशी?”

“पायानं,” मी म्हणाले आणि पुढे गेले.

घरी येऊन त्यांनी धुसफूस केली. “गावात माही इज्जत काहाडून राह्यली तू.” मी म्हणाले, “काढून राह्यले.” त्या दिवसापुरतं ते खरंच होतं. पण पुढच्या आठवड्यात मी गेले ती रागानं नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात तर मी आदल्या दिवशीच भाकरी बांधून ठेवली. कुणाची सून बाळंत होणार, कुणाच्या धानात रानडुक्कर शिरलं, कुठल्या झाडाखाली थांबायचं नाही, सगळं मला चालता चालता कळायला लागलं. अर्धं बोलून, अर्धं हातवाऱ्यांनी. मास्तर मात्र समजत राहिले की ही हट्टाला पेटली आहे. मीही त्यांना तसंच समजू दिलं. नवऱ्याला थोडं टोचत राहिलं तर बरं, असं वाटायचं माझं वय होतं.

सव्वीस जानेवारी आली. सकाळी शाळेचा झेंडा करून मास्तर घरी आले, सायकल उलटी करून साखळीला तेल घातलं, चाक फिरवून बघत बसले. चाक खरंच बराच वेळ फिरत राही. निघताना दारात दोनदा घुटमळले. त्या दिवशी बाजार नव्हता, बायका जाणार नव्हत्या. तरी ‘चालत येशील का’ एवढं ते म्हणाले असते तर मी एकटीनं सहा मैल गेले असते. ते विचारतील म्हणून मी चपला पायात घालूनच उभी होते. त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि मग म्हणाले, “बरं, येतो.”

मास्तर जिंकले. पहिला नंबर आला. बक्षीस एक टॉवेल आणि नारळ. दिवे लागायच्या वेळेला ते दारात आले आणि सायकल भिंतीला न लावताच सांगायला लागले. परतीच्या वाटेवर शिपाई पुढे होता, मग चढ आला, मग मास्तर त्याच्या बरोबरीला आले. चढ सांगताना त्यांना पुन्हा दम लागला. मी विचारलं, किती माणसं होती बघायला? ते म्हणाले, खूप होती. मग टॉवेलाची घडी घालत बसले आणि थोड्या वेळानं खाली बघूनच म्हणाले, “तू पायजे होती.”

मी नारळ फोडायला उठले. तिथे बसवेना. मीही काही कमी हट्टी नव्हते. एका शब्दासाठी दारात उभी राहिले आणि तो आला नाही म्हणून राहून गेले.

दुसऱ्या दिवशी ते शाळेतून उशिरा आले. सायकलला वेगळेच टायर होते. जाड, खरबरीत, थोडे वापरलेले, पण धडधाकट. परस्पर चामोर्शीला जाऊन शिपायाशी अदलाबदल करून आले होते. शिपाई म्हणत होता की मास्तर नाही जिंकले, मास्तरांचे टायर जिंकले. मास्तर म्हणाले, मग घे. दोघांनी तिथेच सायकली उलट्या करून टायर काढले. महिनाभर विचारपूस करून, वास घेऊन आणलेली जोडी त्यांनी अशी देऊन टाकली.

“का हो?” मी विचारलं.

“डबल सीट चालते याच्यावर,” एवढंच बोलून ते हात धुवायला गेले.

पुढच्या बाजाराला दारात सायकल तयार होती. कॅरिअरवर गोधडी, तीही धुतलेली. “बस,” मास्तर म्हणाले. तेवढ्यात वाटेवरून बायकांची ओळ आली आणि माझ्यासाठी थांबली. माझी भाकरी आदल्या रात्रीच बांधून झाली होती.

“तुमी व्हा समोर,” मी मास्तरांना म्हणाले. “मी या बायांसंगं येते.”

मास्तरांना वाटलं, राग अजून गेला नाही. ते पुढे गेले नाहीत. सायकल हातात धरून माझ्या बाजूनं चालायला लागले. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. पहिला नाला आल्यावर मास्तरांनी विचारलं.

“अजून राग हाये?”

“नाई.”

“मंग बसत काऊन नाई?”

“मले चालाले आवडते,” मी म्हणाले. खरं सांगायला इतके दिवस लागले. “या बायांसंगं आवडते. कवापासूनच.”

मास्तर सायकल ढकलत थोडं पुढे गेले. मग ते थांबले.

“मंग ते टायर मी काऊन देले?”

रागानं विचारलं नव्हतं. पाटीभर गणित बरोबर करून शेवटी उत्तर चुकलेल्या पोरासारखं विचारलं. मला हसू फुटलं, आणि त्यांचं तोंड बघून ते तिथल्या तिथे थांबलं. लग्नाला पावणेदोन वर्षं झाली होती. हा माणूस मला आवडतो हे मला तिथे, त्या मुरमाच्या रस्त्यावर कळलं.

मी बायकांना पुढे व्हायला सांगितलं. पाय दुखताहेत म्हटलं आणि कॅरिअरवर बसले. पाय मुळीच दुखत नव्हते.