किमे फिप्सवर लावलेली पैज

मिलेदिस नॉर्मनच्या तोंडी लागू नये, असं फाउस्तोच्या दुकानापुढे बसणारा प्रत्येक जण म्हणायचा आणि रोज दुपारी नेमका तिच्याच तोंडी लागायला यायचा.

सान पेद्रोच्या त्या गल्लीत फाउस्तोचं वाणसामानाचं दुकान, दुकानाच्या कडेला बदामाचं झाड आणि झाडाखाली मिलेदिसची कढई. मैद्याच्या पातळ, कडक तळलेल्या यानिकेके ती विकायची. हात कढईत, डोळे रस्त्यावर आणि कान फाउस्तोच्या रेडिओकडे. नोव्हेंबर उजाडला की त्या रेडिओला बेसबॉलशिवाय दुसरा विषय नसे. उत्तरेतल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, बड्या संघांचा हंगाम संपलेला, आपल्या हिवाळी लीगचा ऐन भरात आलेला. कोण कुठल्या संघाशी करार करतोय, कुणाला किती वर्षांचा मिळाला, कुणाला नारळ मिळाला, याच्या बातम्या तासातासाला यायच्या. बातमी संपायच्या आत झाडाखाली दोन तट पडलेले असत आणि मिलेदिस त्यातल्या एका तटाची सेनापती असे.

हे वेड तिच्या बापाकडून आलेलं. तो साखर कारखान्यात बॉयलरवर होता आणि कारखान्याच्या संघात कॅचर, बॅटवाल्याच्या मागे बसून चेंडू झेलणारा. त्याला पाचही मुलीच. चौघींनी रविवारी उन्हात जायला नकार दिला, धाकटी मिलेदिस मात्र बापाच्या आधी तयार होऊन दारात उभी राहायची. बाप गेला, कारखान्याचा संघ मोडला, मिलेदिसनं लग्न केलं, मुलगी वाढवली, नवऱ्याला माती दिली. बेसबॉलचा वाद मात्र एका हिवाळ्यातही चुकवला नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिचा आवाज असा होता की ती "अजिबात नाही!" म्हणाली की पलीकडच्या गल्लीतली कोंबडी फडफडायची.

तिच्यासमोर उभा राहू शकेल असा माणूस एकच, क्रेसेन्सियो मास्तर. जन्मभर शाळेत गणित शिकवून आता पेन्शनीत निघालेले. इस्त्रीचा शर्ट, खिशात चष्मा आणि तोंडी आकडे. मिलेदिसच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनीच हातात घेतलं होतं, तेव्हापासून ते तिचे कोंपाद्रे आणि ती त्यांची कोमाद्रे. हे नातं रक्तापेक्षा जवळचं मानतात, म्हणून दोघं एकमेकांना मनसोक्त शिव्या घालू शकत.

त्या हिवाळ्यात भांडण पेटलं ते आर्किमेदेस फिप्सवरून. किमे फिप्स याच वस्तीतला, शाळेमागच्या चाळीत जन्मलेला. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखणारा, शॉर्टस्टॉप. तरुणपणी त्याच्या बाजूला आलेला चेंडू कधी पुढे गेला नाही, असं लोक सांगत. उत्तरेत त्यानं नाव काढलं, पण आता तो एकोणचाळिशीला आला होता. त्याच्या संघानं करार वाढवला नाही आणि तो हिवाळ्यात घरी येऊन आपल्या हिरव्या टोप्यांच्या संघातून खेळत होता. रेडिओवर एका दुपारी निवेदक म्हणाला, "फिप्सला अजून कुणी विचारलेलं नाही. बहुतेक संपला खेळ."

"संपला?" मिलेदिसनं झारा कढईवर आपटला. "ज्यानं हे म्हटलं त्याला आणा माझ्यासमोर!"

"कशाला त्याला? मी आहे ना," मास्तर म्हणाले. त्यांनी चष्मा चढवला. "गेल्या तीन हंगामांत त्याची फलंदाजीची सरासरी दरवर्षी घसरलीय. आणि डावीकडे जाणारे चेंडू तो पूर्वीच्या निम्मेच अडवतो. हे मी नाही, आकडे म्हणतायत."

"आकडे! तुमच्या आकड्यांना डोळे आहेत का? काल त्यानं वळून फेकलेला चेंडू बघितलात?"

"बघितला. एक चेंडू बघितला. मी हजार मोजतोय."

"हातच्या काकणाला आरसा कशाला, मास्तर? माणूस समोर खेळतोय!"

"समोर खेळतोय म्हणूनच सांगतो, कोमाद्रे. त्याला आता कुणी घेणार नाही."

मोटरसायकलवरून भाड्यानं सवाऱ्या पोचवणारा चेपे मध्येच बोलला, "मास्तर, जपून. बाईच्या हातात झारा आहे."

सगळे हसले, पण मिलेदिस हसली नाही. ती कढईमागून बाहेर आली, पदराला हात पुसावे तसे एप्रनला पुसले आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "तीन राजांच्या सणाच्या, सहा जानेवारीच्या आत किमेचा उत्तरेत करार होणार. नाही झाला, तर आपल्या लीगची अंतिम फेरी संपेपर्यंत मी बेसबॉलवर एक शब्द बोलणार नाही."

फाउस्तोच्या हातातली बाटली तशीच राहिली. कुणालाच खरं वाटेना.

"आणि झाला तर?" मास्तरांनी विचारलं.

"झाला, तर तेवढे दिवस हा एप्रन तुम्ही घालायचा आणि यानिकेके तुम्ही तळायच्या."

"मंजूर," मास्तर म्हणाले आणि हातात हात दिला.

मग सुरू झालं वाट बघणं. डिसेंबरभर रेडिओ कुणाकुणाची नावं घेत राहिला. एका डावखुऱ्या पिचरला, चेंडू टाकणाऱ्याला, सात वर्षांचा करार मिळाला, एका म्हाताऱ्या कॅचरलासुद्धा कुणी तरी उचललं. चेपे सवारी सोडून परत आला की गाडी बंद करायच्या आधी ओरडायचा, "आला का?" आणि फाउस्तो मान हलवायचा. नाताळच्या सुमाराला एक अफवा आली, फिप्सची कुठल्याशा संघाशी बोलणी चालू आहेत. मिलेदिसनं त्या दिवशी मास्तरांच्या कमरेला एप्रन लावून माप घेतलं. सगळी गल्ली पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी कळलं की बोलणी दुसऱ्याच फिप्सची होती.

तीन राजांचा सण आला आणि गेला. मुलांना खेळणी मिळाली, किमेला करार मिळाला नाही.

मिलेदिस सकाळी आली, कढई तापवली आणि तोंड मिटलं ते मिटलंच. बाकी सगळं बोलायची. मैदा महागला, मुलीचा फोन आला, पाय दुखतो. बेसबॉल निघाला की मात्र तोंडाला कुलूप.

पहिले दोन दिवस मजा आली. लोक मुद्दाम तिला डिवचायला यायचे. चेपे म्हणायचा, "किमेपेक्षा माझी ही खटारा गाडी डावीकडे लवकर वळते." मिलेदिस मैद्याचा गोळा असा आपटायची की टेबल हलायचं. कुणी म्हणायचं, तिचा बाप चेंडू पकडायला घाबरायचा. तिचे डोळे लाल व्हायचे, पण ओठ उघडायचे नाहीत.

मग मजा ओसरली. मास्तर एखादा आकडा टाकायचे आणि सवयीनं कढईकडे बघायचे. तिकडून काहीच यायचं नाही. आकडा हवेत तसाच लोंबकळत राहायचा. "बरोबर आहे मास्तर," असं कुणी तरी म्हणायचं आणि गप्पा तिथेच संपायच्या. माणसं लवकर उठून घरी जायला लागली.

"तुम्ही पैज जिंकलात," फाउस्तो वैतागून म्हणाला, "आणि माझं दुकान बसलं."

शेवटी एका दुपारी मास्तर एकटेच कढईपाशी आले. आवाज खाली आणून म्हणाले, "कोमाद्रे, झालं ते झालं. मी पैज मागे घेतो. बोला एकदाच्या."

मिलेदिसनं तेलातली यानिकेके उलटली. "शब्द म्हणजे शब्द," ती म्हणाली. "किती देऊ यानिकेके?"

इकडे हिरव्या टोप्यांचा संघ एकेक सामना मारत अंतिम फेरीत पोचला. शेवटचा, निकालाचा सामना आपल्याच मैदानावर, रविवारी संध्याकाळी. अख्खी गल्ली एका रांगेत जाऊन बसली. मिलेदिसच्या एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला चेपे. ढोल, शिट्ट्या, पत्र्याचे डबे, कान किटून जात होते. मिलेदिसनं मास्तरांच्या बाहीला ओढलं, आपल्या तोंडाकडे बोट दाखवलं आणि हात वर फेकले. ओरडायला तरी परवानगी आहे का?

मास्तरांनी क्षणभर विचार केला. "ओरडा. मत मात्र द्यायचं नाही."

मिलेदिसनं अशी किंकाळी फोडली की पुढच्या रांगेतल्या माणसाची टोपी पडली.

सातव्या डावापर्यंत बरोबरी होती. मग पाहुण्यांच्या फलंदाजानं एक चेंडू जमिनीलगत मारला, किमेच्या डावीकडे. मिलेदिसला असे किती तरी चेंडू पाठ होते. ती किमेच्या पायांकडे बघत होती, कारण बापानं तिला तेच शिकवलं होतं, चेंडू काय सगळेच बघतात. किमे निघाला, पण पहिलं पाऊल उशिरा पडलं. फार नाही, जरासंच. तो झेपावला, चेंडू त्याच्या हातमोज्याच्या टोकाखालून निघून गेला आणि पाहुण्यांचा धावपटू घरी पोचला. आपला संघ एका धावेनं मागे.

मैदानावर शिव्यांचा पाऊस पडला. "घरी जा, म्हाताऱ्या!" चेपेसुद्धा ओरडला. रांगेतले सगळे मिलेदिसकडे बघायला लागले. एरवी तिनं एकेकाची गचांडी धरली असती. आज ती मांडीवर हात ठेवून गप्प बसली होती. पैजेमुळे, असं सगळ्यांना वाटलं. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांना मात्र तसं वाटलं नाही. त्यांनी आकड्यांचा शब्दही काढला नाही.

शेवटचा डाव. एक धाव मागे, आपले दोन गडी बाद. तिसरा बाद झाला की वर्षाचा खेळ खलास. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर आपले दोन गडी पाय रोवून उभे. आणि बॅट घेऊन कोण आलं? किमे फिप्स.

पहिल्या चेंडूला त्यानं नुसती हवेत बॅट फिरवली, चेंडू हुकला. दुसराही. आणखी एक हुकला की बाद. चेपेनं डोळे झाकले. तिसरा बाहेरचा होता, किमेनं सोडून दिला. चौथाही सोडला. मास्तरांनी मिलेदिसचा हात केव्हा धरला, ते त्यांनाही कळलं नाही. पाचवा चेंडू वेगात आला आणि किमेनं तो दूर भिरकावण्याचा हव्यास केला नाही. नुसती बॅट आडवी घातली. चेंडू पहिल्या बेसवाल्याच्या डोक्यावरून गेला आणि उजव्या बाजूच्या गवतावर पडला. एक धावला, दुसरा धावला, दुसरा तर पोटावर घसरत आला, धुळीचा ढग उठला आणि पंचाचे दोन्ही हात बाजूला पसरले. सुरक्षित! जिंकलो!

पुढचं काही धड कुणाला आठवत नाही. ढोल फुटला. चेपे अनोळखी माणसाच्या खांद्यावर चढला. मास्तर, ज्यांना गल्लीनं कधी पळतानाही पाहिलं नव्हतं, बाकावर उभे राहून शर्ट काढून फिरवत होते. आणि मग एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं. अंतिम फेरी संपली. मिलेदिस आता बोलू शकते! सगळी रांग तिच्याकडे वळली.

मिलेदिसचे गाल ओले होते. तिनं घसा खाकरला. "सातव्या डावातला तो चेंडू," ती म्हणाली, "त्यानं अडवायला हवा होता. पाऊल उशिरा पडलं. मास्तर, तुमचं खरं होतं. त्याला आता उत्तरेत कुणी घेणार नाही."

मास्तर बाकावरून खाली उतरले, शर्ट हातात तसाच.

"काय बोलताय कोमाद्रे? एका चेंडूवरून?" ते संतापले. "आणि शेवटी मारला तो? दोन गडी बाद, दोन चेंडू हुकलेले, आणि असला शांत! हे कुठल्या आकड्यात बसतं, सांगा मला!"

"मास्तर, तुम्हीच तर हजार मोजत होतात."

"हजार गेले खड्ड्यात! मोठा खेळाडू आहे तो!"

"मी कधी नाही म्हटलं? मोठा आहेच. पण म्हातारा झालाय!"

"अजिबात नाही!" मास्तर ओरडले. मैदानातून घरी पोचेपर्यंत दोघं बाजू बदलून तावातावानं भांडत होते आणि बाकीची गल्ली मागून नाचत होती.

फेब्रुवारीत रेडिओनं सांगितलं, फिप्सनं मेक्सिकोतल्या एका संघाशी करार केला. मुदत गेली तरी करार तो करार, पैज बाईनं जिंकली, असं चेपेचं म्हणणं. मेक्सिको म्हणजे उत्तर नव्हे काय, असा फाउस्तोचा सवाल. नकाशा आणण्यापर्यंत गोष्ट गेली.

जायच्या आदल्या दिवशी किमे स्वतः गल्लीत आला. मोठी गाडी कोपऱ्यावर ठेवून पायी. थेट कढईसमोर उभा राहून म्हणाला, "मावशी, चार द्या. गरम."

मिलेदिसनं वर पाहिलं आणि तिची वाचाच बसली. हातातली यानिकेके तेलात पडली.

"ही तीच बाई," मास्तर पुढे होऊन म्हणाले, "जी तुझ्यापायी तोंड शिवून बसली होती."

"ऐकलंय," किमे हसला. "आणि तोंड उघडल्यावर त्या डावीकडच्या चेंडूबद्दल पहिलं काय बोललात तेही ऐकलंय. आई पण तेच म्हणाली."

मिलेदिसनं मान हलवली. चार मागितल्या होत्या, तिनं दहा बांधल्या, पुडी त्याच्या हातात दिली आणि तो हात दोन्ही हातांत धरून ठेवला. शब्द एकही फुटला नाही. किमे कोपऱ्यावरून वळून दिसेनासा झाला.

"झालं?" चेपेनं विचारलं. "इतकी वर्षं त्याच्यासाठी भांडलात आणि तो समोर आला तर मुक्या?"

"तुला काय कळतं रे त्यात?" मिलेदिस उसळली. आवाज परत आला होता, कोंबडी फडफडली. "आणि त्या डावखुऱ्या पिचरला सात वर्षांचा करार देणारा कोण शहाणा आहे, ते आधी सांगा मला! त्याचा खांदा सात महिने टिकला तर मिळवली!"

मास्तरांनी खिशातून चष्मा काढला.