थोरलीची नजर

वर्षालीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. हिवरखेडच्या मळ्यात डोक्याला बॅटरी बांधून झेंडू तोडायचा, टोपल्या भरायच्या आणि अकोल्याच्या बाजाराचा टेम्पो यायच्या आत त्या रस्त्यावर नेऊन ठेवायच्या. अमरावतीत राहून तिनं चित्रकलेची पदवी घेतली, पण गावी परतली की हे काम होतंच. पदवी झाली म्हणून फुलं कुणी तोडून देत नव्हतं.

पदवीनंतर तिनं दोन कामं धरली आणि सोडली. बडनेऱ्याला फ्लेक्सच्या दुकानात पुढाऱ्यांचे चेहरे गोरे करायचे. मग एका शाळेच्या भिंतीवर मोर आणि ससे. काम जड नव्हतं. संध्याकाळी हात दुखत नसत, आणि आज आपण काय केलं हे तिला सांगता येत नसे.

"कावून सोडलं?" तिचे वडील, उत्तमराव, यांनी विचारलं.

"मन लागत नव्हतं, बाबा."

"झेंडू तोडाले मन लागते काय मले? तरी तोडतो ना? महालक्ष्म्यांपर्यंत पाह्य. नाही जमलं त बी.एड.चा फॉर्म भर."

"जमलं का नाही, हे ठरवनार कोन?" आई गंगूबाई चुलीजवळून म्हणाली.

"मीच."

"तुमी? तुमाले त मोर आन् ससाबी सारखाच दिसते!"

त्याच आठवड्यात काम आलं. अकोल्याला जठारपेठेत मोरोपंत वकिलांच्या घरी उत्तमराव दरवर्षी महालक्ष्म्यांची, म्हणजे गौरींची, फुलं पोचवत. वकिलांच्या पत्नी कुंदाकाकूंनी थोरल्या महालक्ष्मीचा शाडूचा मुखवटा रंगवायला वर्षालीच्या हाती दिला. गालाचे पोपडे निघाले होते. धाकटीचा मुखवटा धड होता.

घरी टोपल्या ठेवायची टिनाची खोली होती. तिला खिडकी नव्हती. दारातून येईल तेवढा उजेड. दारात कुणी उभं राहिलं की ब्रश थांबायचा. वर्षालीनं मुखवटा टेबलावर ठेवला, पॉलिश पेपरनं घासला आणि रंगवायला घेतला. जुन्या रंगाऱ्याची बुबुळं खाली घसरलेली होती. तिनं ती वर घेतली, मधोमध आणली. इतकं देखणं काम तिच्या हातून आधी झालं नव्हतं.

अकोल्याला नेऊन दिल्यावर कुंदाकाकूंनी तो हातात घेऊन निरखून पाहिला.

"छान आहे गं. पण ही आमची नाही."

"काय चुकलं, काकू?"

"लग्न होऊन आले त्या वर्षी पंगतीत बसले होते. सगळी माणसं नवी, घास उतरेना. वर पाहिलं, तर ही माझ्याकडेच बघत होती. आता ही समोरच्या भिंतीकडे बघते." त्यांनी मुखवटा परत दिला. "चार दिवस आहेत. बघ जमतं का."

एसटीत मुखवटा मांडीवर घेऊन वर्षाली घरी आली. बी.एड.चा फॉर्म तिला डोळ्यांपुढे दिसत होता.

तिचा रंग पाण्यातला होता, खालचा तेलातला. ओल्या कापसानं तिनं आपलं सगळं काम पुसून काढलं. मग घासलेल्या जागी तिला ते दिसलं. घाईत आधी पाहिलंच नव्हतं. एका डोळ्याच्या रंगाखाली दुसरा डोळा होता, आणि त्याच्याही खाली, शाडूला लागून, तिसरा. तीन वेळचे रंग, तीन हात. तिघांचंही बुबुळ खालच्या पापणीला टेकलेलं. रेघेवर रेघ बसलेली, केसभरही इकडे तिकडे नाही.

तिनं कापूस बाजूला ठेवला. कॉलेजात सगळे म्हणायचे, तुझं वेगळं काहीतरी कर. या तिघांनी आपलं सगळं कसब आधीच्याच्या रेघेवर रेघ ठेवायला लावलं होतं. नाव एकाचंही नव्हतं.

तिनं मुखवटा खोलीतल्या धान्याच्या कोठीवर उंच ठेवला आणि खाली मांडी घालून बसली, पंगतीत बसतात तशी. मग कळलं. देवी उभी, माणसं जमिनीवर. ही नजर तिथूनच जुळायची होती.

स्टुलावर चढून एक रेघ ओढायची, उतरायचं, खाली बसून बघायचं, पुन्हा चढायचं. तीन दिवस हेच. मान अवघडली, गुडघे सुजले. झेंडूची तोड चालूच होती.

महालक्ष्म्या यायच्या सकाळी तिनं मुखवटा नेऊन दिला. कुंदाकाकू तो आत ठेवून आल्या. "उद्या बाबांना घेऊन जेवायला ये. पंगतीतच कळेल."

दुसऱ्या दिवशी दोघी देवी साडीचोळीत उभ्या होत्या. पंगत बसली. उत्तमरावांनी पुरणपोळीचा घास घेतला, वर पाहिलं आणि हात थांबला. त्यांनी टोपी नीट केली.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "हे त माह्याकडेच पाहून रायली."

"तुमच्याकडे कुठली? माझ्याकडे बघते आहे!" पंगतीच्या त्या टोकाहून मोरोपंत म्हणाले. "मी तिसरी पोळी घेतली ना!"

सगळे हसले. वाढता वाढता कुंदाकाकू थांबल्या. हातात तुपाचं भांडं तसंच धरून त्या वर्षालीच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि वर पाहिलं. बराच वेळ त्या उठल्या नाहीत. मागून कुणीतरी तूप मागत होतं.

परतीच्या एसटीत उत्तमराव फॉर्मबद्दल बोलले नाहीत. पार गाव जवळ आल्यावर म्हणाले, "तीन दिवस त्या अंधारात केलं तू हे?"

पुढच्या वर्षी जठारपेठेतूनच सात घरांचे मुखवटे आले. त्या मजुरीतून टिनाच्या खोलीला उत्तरेकडून खिडकी बसली. पत्रा उत्तमरावांनी स्वतः कापला.