डाळ शिजवणारं पाणी

आमच्या गल्लीत पाण्याच्या दोन जाती आहेत आणि त्यांची पारख कुकरमध्ये होते. बोरच्या पाण्यात तूरडाळीला कितीही शिट्ट्या द्या, दाणा न् दाणा वेगळा राहतो. नळाच्या पाण्यात तीच डाळ पळी फिरवली की एकजीव. बोरचं पाणी जड. बादलीवर पांढरा थर चढतो, साबणाला फेस येत नाही, केसांचा काथ्या होतो. आईचा न्याय त्यावरूनच ठरलेला होता. ज्या पाण्यात डाळ शिजते ते पाणी अंगी लागतं, बाकीचं धुण्याभांड्यांना. "डाळ खोटं बोलत नाही," असं ती म्हणायची. भाड्याचं घर बघायला आलेल्या बायकासुद्धा खोल्यांच्या आधी डाळीची चौकशी करायच्या, तेव्हा आईलाच एकटीला कशाला नावं ठेवा!

घरात पाणी शुद्ध करायचं मशीन होतं. नळ सकाळी थोडाच वेळ येतो, म्हणून ते बोरच्या टाकीला जोडलेलं. बाबा, आई आणि मी त्याचंच पाणी प्यायचो. आईला ते कधी आवडलं नाही. त्यातलं सगळं सत्त्व मशीन काढून घेतं आणि उरतं ते मेलेलं पाणी, असं तिचं मत होतं. नळाचं पाणी डाळीपुरतं आणि पाहुण्यांपुरतं ठेवलेलं असायचं.

अशा घरात माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला आली. सातवा महिना होता आणि वर वैशाख. तिचं सासर भंडाऱ्याकडे, विहिरीचं पाणी पिऊन राहिलेली पोर. आईनं तिच्यासाठी नवा माठ मांडला, आत वाळ्याची जुडी टाकली आणि त्यात फक्त नळाचं पाणी, तेही पातळ धोतराच्या फडक्यातून गाळून.

मी म्हटलं, "तिलेही मशीनचंच दे ना."

"त्या मेलेल्या पाण्यात काय ताकद आहे वं? लेकराची हाडं कशानं बनतील?"

"मंग उकळून तरी दे."

"उकळलं का गोडी जाते पाण्याची."

मी भांडले. मी गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या ठोक दुकानात हिशेब बघते, दिवसभर व्यापाऱ्यांशी वाद घालते, पण आईपुढे माझं काही चालत नाही. चार दिवस तिनं पाणी उकळलं, मग सोडून दिलं. मला त्या माठाची तेव्हापासून चीड यायची.

त्या उन्हाळ्यात नळाची धार करंगळीएवढी झाली होती. ज्याच्या हाती ससा तो पारधी, तशी आमच्याकडे ज्याच्या नळाला मोटर त्याचं पाणी. पाणी यायची वेळ झाली की अख्खी गल्ली घरघरायला लागायची. आमचीही मोटर होतीच. त्यातच सिमेंटच्या रोडसाठी नाली खोदून ठेवली होती आणि पाण्याची जुनी, गंजकी लाइन त्याच नालीतल्या सांडपाण्यातून गेलेली. मोटरी पाण्यासोबत तेही ओढायच्या. सकाळी पहिल्या बादलीला वास यायचा. आई ती बादली अंगणात ओतायची, दुसरीत नाक घालून बघायची, वास गेला की माठ भरायची. पाणी काचेसारखं दिसायचं. डाळ तर विचारूच नका, इतकी छान शिजत होती.

आधी समोरचे काका आजारी पडले. काही दिवसांनी ते गळ्यात काविळीची माळ घालून ओट्यावर बसलेले दिसले. माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते म्हणतात. त्यांची माळ बेंबीपर्यंत आली होती आणि डोळे तसेच पिवळे होते. मग कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचं दुकान बंद झालं. त्याच्याही घरी कावीळ. मी आईला दोन्ही घरं दाखवून दिली. ती म्हणाली, "ते बाहेरचं खातात. आपल्या घरी कोणाले काही झालं का?" खरंच कोणाला काही झालं नव्हतं. आम्ही मशीनचं पाणी पीत होतो.

बहिणीला जेवण जाईना. पोटुशीला असं होतंच, त्यात ऊन, म्हणून आईनं तिला आणखी पाणी पाजलं. लिंबू पिळून, साखर घालून, तासातासाला पेला हातात. बहीण लहानपणापासून ऐकणारी. नको असलं तरी प्यायची. एका सकाळी ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, लघवी हळदीसारखी होऊन राहिली वं." मी तिला दारात उजेडात नेलं आणि खालची पापणी ओढून पाहिली. डोळ्याचा पांढरा भाग पिवळा झाला होता.

दवाखान्यात पोचेपर्यंत ती नीट बोलत होती. संध्याकाळी असंबद्ध बोलायला लागली, मला आत्या म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेर बोलावलं. पाण्यातून आलेली कावीळ आहे, म्हणाल्या, आणि पोटुशी बाईला ती फार वाईट.

"घरात आणखी कोणाला आहे?"

"नाही," बाबा म्हणाले.

"असं कसं? ही वेगळं पाणी पीत होती का?"

आई लगेच बोलली. त्या प्रश्नातलं तिला अजून काही कळलं नव्हतं.

"हो ना बाई. आमी मशीनचं पितो. हिले चांगलं देत होतो."

डॉक्टरीणबाईंनी फक्त आईकडे पाहिलं, आणि मग ते आईला कळलं. ती बाकावर बसली. मला तिचा संताप आला होता आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटत होतं. मी दोन्हीतलं काही केलं नाही.

बाळ वाचलं नाही. बहीण बऱ्याच दिवसांनी शुद्धीवर आली आणि वाचली. तिला सगळ्यांनी कावीळ झाली होती एवढंच सांगितलं. कुठून झाली हे तिनं विचारलं नाही आणि आम्हीही बोललो नाही. उन्हाळ्यात होते कावीळ, असं तिच्या सासरचे म्हणाले, त्याला आम्ही माना डोलावल्या.

यंदा तिला पुन्हा दिवस गेले. नाली केव्हाच बुजली, वर सिमेंटचा रोड झाला, पण लाइन तीच आहे आणि सकाळी गल्ली तशीच घरघरते. परवा तिचा फोन आला. आईनं स्पीकर लावला.

"आई, सातवा लागला वं. येऊ का मी आता?"

"येऊ नको."

"काहून?"

"तिथंच कर बाळंतपण. मी येतो तिकडे."

"मागच्या खेपेला लेकरू गेलं म्हणून का? आता मी अपशकुनी झाली का तुले?"

आईचे ओठ हलले. मला वाटलं, आता ती पाण्याचं सांगेल.

"तसंच समज," ती म्हणाली आणि फोन माझ्या हातात देऊन आत गेली. पलीकडे बहीण रडत होती आणि ताई, ताई म्हणून मला हाका मारत होती.