जीपमध्ये पाणी होतं

तुमच्या सुधाआजीचं लग्न ऐंशी लिटर पाण्यामुळे जमलं आणि त्यातला एक थेंबही कोणी प्यायलं नाही.

बाळांनो, तुमच्याकडे नळ उघडला की पाणी येतं, म्हणून आधी थोडं सांगावं लागेल. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. तुमच्या आजोबांची नव्या कचेरीत बदली झाली. कचेरीला पाटी होती, शिपाई होता, नळही होता. नळाला पाणी नव्हतं. सलग तिसरं वर्ष कोरडं चाललं होतं. पाहुणे कुणाकडे गेले तर आपलं पाणी सोबत नेत. यजमानाच्या रांजणात हात घालणं म्हणजे त्याच्या ताटातली भाकरी उचलण्यासारखं होतं.

सुधा माझी धाकटी नणंद. तिची दोन स्थळं पाण्यावरून मोडली होती. मुदखेडच्या एका बाईंनी तोंडावर सांगितलं, "लातूरची सोयरीक? वऱ्हाड आणायचं तर टँकरबी आमीच आणावं की काय?" त्यामुळे किनवटजवळचं तिसरं स्थळ आलं तेव्हा घरात सगळ्यांनी श्वास रोखून धरला. त्या घरात मुलाच्या मोठ्या काकांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे आणि काका त्या दिवशी दुपारी तीनच्या बसने परगावी जाणार होते. त्याआधी पोचलो तर ठीक.

सगळी व्यवस्था मी केली. (मी इंग्रजी शाळेत शिकलेली, यादी केल्याशिवाय मला शिंकही येत नाही.) यादीत एक्केचाळीस वस्तू होत्या. पंधरा-पंधरा लिटरचे पाण्याचे चार डबे, दोन भरलेल्या कळशा, सुधाची मोरपंखी साडी, लाडू, सुई-दोरासुद्धा. छत्री नव्हती. छत्री कुठून असणार? तिचं कापड काढून मीच रांजणाला झाकण शिवलं होतं.

भाड्याची जीप, मेहबूबमामा ड्रायव्हर, पुढे तुमचे आजोबा, मागे आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सुधा, मी आणि पाणी. अहमदपूर गेलं, नांदेड गेलं, आभाळ स्वच्छ. जंगलातला घाट सुरू झाला आणि एका वळणावर पाऊस असा कोसळला की मेहबूबमामांनी काच पुसायची सोडून डोकंच बाहेर काढलं.

"दिसतंय का काही?" आजोबांनी विचारलं.

"दिसून राहिलंय ना साहेब. पाणीच दिसून राहिलंय."

अभयारण्याची पाटी मात्र मला स्पष्ट दिसली. 'वन्य प्राण्यांचा वावर. वाहनातून खाली उतरू नये.' मी ती सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. नियम सगळ्यांना माहीत असलेला बरा.

पुढच्याच चढावर जीपची चाकं चिखलात गरगर फिरू लागली. जीप वर जाण्याऐवजी इंचाइंचाने मागे सरकत होती. मागे दरी होती. घड्याळात सव्वा वाजला होता.

"वजन जास्ती झालंय," मेहबूबमामा म्हणाले. "ते पाणी वता बाहेर."

बाहेर धो धो पाऊस. रस्त्यावरून ओढा वाहत होता. आणि आत आम्ही चौघं त्या डब्यांकडे असे बघत होतो, जसं काही मामांनी सुधालाच दरीत टाकायला सांगितलं होतं.

आत्याबाईंनी एका डब्याच्या झाकणावर हात ठेवला. "मेहबूब, डोस्कं ठिकाणावर हाय का? पाणी वतायचं?"

"मावशी, भाईर बघा की. सगळं पाणीच हाय."

"ते भाईरचं. हे घरचं हाय."

तेव्हा मी पुढाकार घेतला. यादीच्या मागे आकडे मांडले. आजोबा पासष्ट किलो, आत्याबाई पंचावन्न, सुधा पंचेचाळीस, मी पन्नास. (माझा आकडा तपासायला घाईत वेळ नव्हता.) एकूण दोनशे पंधरा. पाणी फक्त ऐंशी.

"पाणी उतरवून काय उपयोग?" मी म्हणाले. "माणसं उतरली पाहिजेत."

आजोबांनी आकडे दोनदा पाहिले. चूक सापडली नाही. "आणि ती पाटी?" त्यांनी विचारलं.

"ती पाटी पर्यटकांसाठी आहे. आपण सोयरीक जुळवायला चाललोय."

आम्ही उतरलो. हलकी झालेली जीप सुरकन वर गेली आणि गेलीच. "चढावर थांबता येत न्हाई, वर थांबतो," एवढं मामांचं ओरडणं ऐकू आलं. वर म्हणजे तीन वळणं वर. आमचं पाणी कोरडं ठक्क जीपमधून गेलं आणि आम्ही चिखल तुडवत मागून निघालो. सुधाच्या साडीचा मोर उरला नाही, नुसते पंख उरले. मी पदर पिळायला घेतला तर आत्याबाई ओरडल्या, "अगं खाली नको पिळू, भांडं घे की!" भांडी जीपमध्ये होती.

दुसऱ्या वळणावर झुडूप हललं. एक रोही, म्हणजे नीलगाईचा नर, चांगला घोड्याएवढा, आमच्याकडे एकटक बघत उभा होता.

"यानं पाटी वाचलेली दिसते," आजोबा हळूच म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा तीनला दहा कमी होते. ओसरीत काका बॅग घेऊन उभे. कौलांवरून पागोळ्या कोसळत होत्या, अंगणातली विहीर काठोकाठ भरलेली. समोर चिखलाने माखलेली चार माणसं आणि मामा एकेक कोरडा डबा ओसरीत मांडत होते.

"हे काय आणलंय?" काकांनी विचारलं.

"पाणी," आत्याबाई ताठ मानेनं म्हणाल्या. "तुमाला तरास नको आमचा."

काकांनी विहिरीकडे पाहिलं. मग आमच्याकडे. "पण जीप होती ना तुमच्यापाशी?"

"व्हती की."

"मग एवढे भिजलात कसे?"

"जीपमधी पाणी व्हतं."

काकांनी बॅग खाली ठेवली आणि खांब धरला. एवढा मोठा माणूस, पण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. हसू आवरलं तोवर तीनची बस निघून गेली होती. मग त्यांनी सुधाला एकच प्रश्न विचारला, "पोरी, ते पाणी वतून द्यावं असं न्हाई वाटलं?"

"लई वाटलं," सुधा म्हणाली. "पण वहिनींनी गणित केलं होतं."

काका पुन्हा खांबाला टेकले. बस उद्याची होती, बोलायला रात्र मोकळी होती. जेवणाआधीच साखर वाटली गेली. आमचं पाणी अंगावरचा चिखल धुण्यातच संपलं होतं. निघताना मुलाच्या आईने आमच्याकडचं प्रत्येक भांडं विहिरीच्या पाण्याने भरून दिलं, लाडवांचा डबासुद्धा. घाट उतरताना माझ्या मांडीवर कळशी होती.

तुम्ही म्हणाल, आजी आता सुधारली असेल. गेल्या खेपेला तुमच्याकडे येताना विमानतळावर तपासणीवाल्याने माझी पाण्याची बाटली धरली. "आजी, हे फेकावं लागेल." मी विचारलं, पोटातून नेलेलं चालतं का? चालतं म्हणाला. मी रांग थांबवून पूर्ण लिटर उभ्याने प्यायले. जागा खिडकीची मिळाली आणि अर्ध्या तासात हवा बिघडून डोक्यावर पाटी पेटली: कोणीही जागेवरून उठू नये. मी उठले. हवाईसुंदरीने पाटीकडे बोट केलं. मी तिला शांतपणे समजावलं की ती पाटी पर्यटकांसाठी आहे. मी नातवंडांकडे चालले आहे.